ताबा घेण्यापूर्वी सदनिकेची स्वतंत्र तपासणी

नव्या सदनिकेची किल्ली मिळते त्या दिवशी ग्राहकापुढे दोन कागद असतात : महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र आणि विकासकाचे ताबापत्र. पहिला पाहून ग्राहक निर्धास्त होतो व दुसऱ्यावर बहुधा न वाचताच सही करतो. वास्तविक भोगवटा प्रमाणपत्राचा अर्थ इमारत मंजूर नकाशानुसार पूर्ण झाली असून ती राहण्यास योग्य आहे, एवढाच. न्हाणीघराचा उतार जाळीकडे आहे की दाराकडे, हे त्यासाठी कोणी पाहत नाही. बांधकामावर वास्तुविशारद व अभियंत्यांची देखरेख असते हे खरे. पण त्यांची नेमणूक विकासकच करतो.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) च्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत बांधकाम, कारागिरी वा सेवासुविधांतील दोष लक्षात आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. १९६३ च्या ‘मोफा’ कायद्यात ही मुदत ३ वर्षांची होती. अडचण असते ती पुराव्याची. लादी मूळचीच फुटकी होती की सामान आणताना फुटली? ओल आधीपासून होती की रहिवाशाने केलेल्या तोडफोडीमुळे आली? ‘सर्व काही समाधानकारक’ अशा मजकुराखाली केलेली सही अशा वेळी ग्राहकाच्याच अंगाशी येते. तारीख, मोजमापे व छायाचित्रांसह स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याने दिलेला अहवाल हाती असेल तर हा वाद बराचसा उरत नाही.

तपासणीस फार अवजारे लागत नाहीत. लादीवर टिचकी मारली असता पोकळ आवाज आला, तर खाली माल नीट भरलेला नाही. न्हाणीघराची जाळी बंद करून दिवसभर पाणी साठवून ठेवले की जलरोधनाची परीक्षा खालच्या मजल्याच्या छतावर होते. कॉलम आणि विटांची भिंत यांच्या सांध्यावरची उभी बारीक चीर बहुतेक वेळा गिलाव्यापुरती असते. बीम किंवा कॉलममधली तिरकी चीर मात्र गंभीर, आणि हा फरक जाणकारानेच सांगावा. आर्थिंग, ‘ईएलसीबी’ची टेस्ट कळ, नळांचा दाब व करारातील कार्पेट क्षेत्रफळ यांचीही पडताळणी व्हावी. खिडक्यांतून होणारी गळती मात्र मे महिन्यातल्या ताब्यात दिसणार नाही. त्यासाठी पहिल्या पावसाळ्यानंतर दुसरी फेरी हवी.

भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घेण्यास कायद्याने २ महिने दिलेले आहेत. तपासणी याच अवधीत करून अहवालाची प्रत विकासकाला द्यावी, पोच घ्यावी आणि शिल्लक दोषांची यादी ताबापत्रावरच नोंदवून मग सही करावी.