क्रिप्टिक शब्दकोडं म्हणजे काय? मोठं कोडं कसं सोडवायचं आणि उत्तर कसं पटवायचं?

मोबाईलवर शब्दकोडं उघडलं आणि समोर असा क्लू आला: 'काम थंड, तरीही राबणारा (४)'. आता थंड कामाचा आणि राबण्याचा काय संबंध? संबंध आहे, फक्त तो वाक्याच्या अर्थात नाही, शब्दांच्या तुकड्यांत आहे. काम + गार (थंड) = कामगार, म्हणजेच राबणारा. हे झालं क्रिप्टिक, म्हणजे गूढ शब्दकोडं. या लेखात क्लूचे प्रकार, मोठं कोडं सोडवायची पद्धत आणि मराठीत फोन कुठे अडखळतो ते पाहूया.

थोडा इतिहास

पहिलं आधुनिक शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात छापलं. ते साधं होतं, अर्थ दिला की शब्द ओळखायचा. गूढ प्रकार रुजला तो ब्रिटनमध्ये. 'द ऑब्झर्व्हर'मध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६ पासून अशी कोडी देऊ लागले. त्यांच्यानंतर आलेल्या 'झिमेनीझ' म्हणजेच डी. एस. मॅकनट यांनी क्लू प्रामाणिक कसा असावा याचे नियम पक्के केले. भारतात 'द हिंदू'च्या इंग्रजी क्रिप्टिक कोड्याचा मोठा चाहतावर्ग आहे.

दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, 'डेली टेलिग्राफ'ने १२ मिनिटांच्या आत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली. भाग घेतलेल्यांपैकी काहींना नंतर सरकारकडून बोलावणं आलं आणि ते ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश उलगडायच्या कामाला लागले. म्हणजे हा नुसता टाइमपास नाही!

क्लू कसा वाचायचा?

प्रत्येक क्लूचे दोन भाग असतात. एक व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ. दुसरा शब्दखेळ, म्हणजे तेच उत्तर बनवायची कृती. व्याख्या बहुतेक वेळा क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मध्ये नाही. कंसातला आकडा अक्षरांची संख्या सांगतो.

मुख्य प्रकार असे (सगळे क्लू या लेखासाठीच बनवले आहेत):

१. दुहेरी अर्थ: 'सरकारला द्यावा लागणारा हात (२)'. उत्तर: कर. सरकारला द्यावा लागतो तो कर, आणि हात म्हणजेही कर.

२. अक्षरांची अदलाबदल: 'कलम विस्कटलं, तरी चिखलात फुलतं (३)'. 'विस्कटलं' हा इशारा. क, ल, म ही अक्षरं हलवा, कमल मिळतं.

३. लपलेला शब्द: 'नवरा त्रस्त, मध्ये काळोखाची वेळ (२)'. 'नवरा त्रस्त' जोडून वाचा. 'रा' आणि 'त्र' शेजारी येतात. उत्तर: रात्र.

४. उलटा शब्द: 'नदी उलटी वाहिली की गरीब (२)'. न-दी उलटं केलं की दी-न. उत्तर: दीन.

५. पोटात घेणारा: 'झाडावर उड्या मारणारा, घावात नकार लपवणारा (३)'. घाव म्हणजे वार, नकार म्हणजे न. वा-न-र.

६. आद्याक्षरं: 'विहीण, मावशी, नणंद यांच्या सुरुवातीलाच उडणारं (३)'. उत्तर: विमान.

७. जोडशब्द: वर पाहिलेला कामगार.

इंग्रजीत 'ऐकायला सारखा' हा प्रकार खूप चालतो, कारण तिथे स्पेलिंग आणि उच्चार वेगळे पडतात. मराठीत आपण बरंचसं बोलतो तसंच लिहितो, त्यामुळे इथे तो फार कमी जमतो. ऱ्हस्व-दीर्घात मात्र थोडी जागा आहे: दिन आणि दीन.

मोठं कोडं कसं सोडवायचं?

नेहमीची जाळी १५ बाय १५ चौकोनांची असते आणि त्यात साधारण ३० क्लू असतात. 'द टाइम्स'चं जम्बो कोडं तर २३ बाय २३ चं असतं. अशा वेळी क्रमांक १ पासून हट्टाने जाऊ नका.

- पहिल्या फेरीत सगळे क्लू एकदा वाचा. 'विस्कटलं', 'उलटं', 'मध्ये', 'सुरुवातीला' असे इशारे दिसले की आधी तेच घ्या.
- वाक्याचं चित्र विसरा. नवरा का त्रस्त आहे हा आपला प्रश्नच नाही!
- एक उत्तर लागलं की त्याला छेदणारे क्लू घ्या.
- अडलात तर कोडं बाजूला ठेवा. थोड्या वेळाने तोच क्लू वेगळा दिसतो.
- प्रत्येक उत्तराची फोड लिहून ठेवा.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. क्रमांक ५ चा क्लू पुन्हा बघा. 'झाडावर उड्या मारणारा', तीन अक्षरं. बरेच जण लगेच 'माकड' भरतील. अर्थ बसतो, चौकोन बसतात, तरी उत्तर चूक! 'माकड'मध्ये घाव कुठे आहे? नकार कुठे आहे? आणि एकदा 'मा' भरला की त्याला छेदणारा उभा शब्दही अडतो, मग त्याच्या शेजारचा. मोठ्या जाळीत अशी एक चूक अख्खा कोपरा बिघडवते. फोड जमली तरच उत्तर पक्कं, नाहीतर तो अंदाज. अंदाज पेन्सिलीने लिहायचा.

मराठीत फोन कुठे गोंधळतो?

आपल्यासाठी 'रात्र' म्हणजे दोन अक्षरं. फोनसाठी मात्र युनिकोडचे पाच संकेत: र, काना, त, हलन्त, र. 'कामगार'मध्ये चौकोन चार, संकेत सहा. त्यामुळे कोड्याच्या ॲपने नुसते संकेत मोजले तर जाळीच चुकते. युनिकोडमध्ये अक्षरगट पाडायचे नियम आहेत, पण जुन्या नियमांत जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं, म्हणजे 'त्र'चे दोन चौकोन. २०२३ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवणारा नियम आला. ॲप जुन्या नियमांवर चालत असेल तर चौकोनांची संख्या तुम्हीच बोटांवर मोजलेली बरी.

मराठीचा एक फायदाही आहे. छेदणाऱ्या चौकोनात फक्त 'द' नाही, मात्रेसकट 'दी' मिळतो. इंग्रजीतल्या एका अक्षरापेक्षा ही माहिती जास्त आहे. मात्र 'दीन'च्या जागी 'दिन' भरला तर दोन्ही शब्द गेले.

एआयला विचारलं तर?

विचारा, पण उत्तर नको, फोड मागा आणि ती स्वतः तपासा. चॅटबॉटमागची भाषा-मॉडेल्स मजकूर सहसा अक्षराअक्षराने नाही, 'टोकन' नावाच्या तुकड्यांनी वाचतात. त्यामुळे अक्षरं मोजणं, उलटवणं, हलवणं यात ती चुकू शकतात, आणि चुकलेलं उत्तरही ठामपणे सांगतात. 'माकड' असं ठासून सांगितलं, तरी घाव आणि नकार कुठे आहेत हे विचारायचं काम तुमचंच. 'उत्तर दाखवा' बटणाचंही तसंच. चौकोन भरतील, पण पुढचा क्लू तितकाच अवघड राहील.

आता तुमची पाळी

'थंड अथवा पावसानंतर जाणवणारा (३)'

खालची ओळ वाचण्याआधी एक मिनिट थांबा. व्याख्या कुठे संपते आणि कृती कुठे सुरू होते?

उत्तर: गारवा. थंड म्हणजे गार, अथवा म्हणजे वा, आणि पावसानंतर जाणवतो तो गारवा. ही फोड तुम्ही न बघता सांगितली असेल, तर १५ बाय १५ ची जाळी उघडायला हरकत नाही.