पीळ न देणारं रीळ

मासेमारीच्या रिळाचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं चित्र हिवाळ्यातलंच आहे. सुमारे 1195 साली चीनच्या मा युआनने ते काढलं. आज ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चहूकडे पाणी, एक होडी, पुढे वाकलेला माणूस आणि गळाच्या काठीला लावलेलं छोटं चाक.

अमेरिकी फ्लाय रीळ त्याच चाकाच्या कुळातलं. व्हरमाँटमधल्या मँचेस्टरच्या चार्ल्स ऑर्विसने 1874 साली पेटंट घेतलं ते अरुंद, उभ्या, बाजूंना भोकं पाडलेल्या रिळाचं. तेव्हा दोरा रेशमी असे. तो वाळावा म्हणून ती भोकं. पिसांची खोटी माशी लावून ट्राउट धरणाऱ्यांचं हे साधन. या प्रकारात फेक साधते ती दोऱ्याच्या वजनाने आणि मनगटाच्या कसबाने. रीळ बिचारं नुसतं दोरा सांभाळतं.

फेकीत हातभार लावणारं रीळ आलं ते इंग्लंडमधून. ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांच्या मुलखातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. यात दोरा गुंडाळलेली कांडी फिरत नाही. दोरा तिच्या टोकावरून सुटतो, त्यामुळे हलकं आमिषही लांब जातं. या स्पिनिंग रिळाने पुढे बाजार काबीज केला आणि त्याची ती लायकीही होती. फक्त टोकावरून सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यागणिक दोऱ्यात एक पीळ पडतो. नदीकाठी ते खपून जातं.

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनच्या गोठलेल्या तळ्यांवर खपत नाही. तिथे बर्फात वीतभर रुंदीचं भोक पाडून दोरा सरळ खाली सोडायचा. फेकण्याचा प्रश्नच नाही. टोकाला जेमतेम ग्रॅमभराची जिग, म्हणजे वजन जडवलेला गळ, तिच्यावर एखादी अळी. खाली ब्लूगिल, क्रॅपी, पर्च, म्हणजे तव्यात अख्खे मावणारे पॅनफिश. थंड पाण्यात हे मासे सुस्तावतात. आमिषाशी येऊन थांबतात, न्याहाळत राहतात. कांडीचा घेर 10 सेंटिमीटर धरला, तर 5 मीटर खाली जाईतो 50 पीळ पडतात. ते सुटायला लागले की एवढीशी जिग गरगर फिरते, आणि चिकित्सक ब्लूगिल तोंड फिरवतो. नायलॉन थंडीत आणखी ताठरतं. सुंभ न जळताच पीळ कायम!

म्हणून काही जणांनी फ्लाय रीळ हातभर काठीच्या मुठीला चिकटपट्टीने बांधलं. यात चाकच फिरतं, दोरा कडेवरून सरळ उतरतो आणि पीळ पडत नाही. आधी जाड दोरा भरून चाक फुगवलं, की वरच्या बारीक दोऱ्याचे वेढेही ऐसपैस बसतात. साध्या रिळात आत एक दातेरी चक्र आणि एक खटका. थंडीत घट्ट होणारं ग्रीसही त्यात फारसं अडचण करत नाही. मला यात गंमत वाटते ती ही, की या रिळाला बर्फावर नवं काहीच शिकावं लागलं नाही. त्याला फेकता येत नाही, हे तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही.

खोल पाण्यात मात्र ते रडवतं. मुठीच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, त्यामुळे 10 मीटरवरचा क्रॅपी वर आणताना लोक रीळ सोडून दोरा हातानेच ओढतात, आणि तो ओला दोरा बर्फावर पडून गोठतो. ही खोट हेरून गेल्या दशकात 13 फिशिंगच्या ब्लॅक बेट्टीसारखी खास बर्फासाठीची रिळं आली: चाक तेच, आत गिअर आणि दोरा झटकन खाली सोडायला बोटाजवळ एक कळ.