निजाम राजवटीतला सोन्याच्या खाणीचा करार: जुन्या कागदाला किंमत कशी येते?

बीडजवळचा नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखला जातो. हा सगळा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच संस्थानात रायचूर भागात हट्टीची सोन्याची खाण होती. तिथलं सोनं काढण्याचा परवाना मात्र लंडनपर्यंत गाजला.

नेमकं काय घडलं?

१८८६ मध्ये निजाम सरकारने संस्थानातील खनिजं काढण्याचा हक्क ९९ वर्षांसाठी वॉटसन आणि स्टुअर्ट या इंग्रजांना दिला. त्यातून 'हैदराबाद डेक्कन कंपनी' उभी राहिली आणि तिचे शेअर लंडनच्या बाजारात आले. निजाम सरकारनेही ते चढ्या भावाने घेतले. हा व्यवहार जमवणारे अधिकारी अब्दुल हक यांचाच त्यात छुपा फायदा होता, हे उघड झालं. त्यांना निलंबित करण्यात आलं आणि १८८८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. पुढे याच कंपनीतून सिंगरेणी कोळसा कंपनी आली.

ऑस्ट्रेलियात काय झालं?

तिथे सोनं शोधणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात त्याची फी महिन्याला ३० शिलिंग होती. सोनं सापडो वा न सापडो. १८५४ मध्ये बॅलरॅटच्या खाणकामगारांनी हे परवाने जाळले आणि युरेकाचा उठाव झाला. १८५५ पासून वर्षाला एक पौंडात 'मायनर्स राइट' मिळू लागला, सोबत मतदानाचा हक्कही. आज संग्राहक हे कागद शोधत असतात.

किंमत कशावरून ठरते?

- तारीख, ठिकाण आणि धारकाचं नाव
- मूळ सही-शिक्का
- कागदाची अवस्था
- तो कोणाकडून कोणाकडे आला, याचा पुरावा

लॅमिनेशन किंवा सेलोटेप लावल्यास कागद खराब होतो. तो सुती कापडात, ओलाव्यापासून दूर ठेवावा.

विकण्याआधी हे वाचा

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक महत्त्वाचा दस्तऐवज पुरावशेष ठरतो. खासगी व्यक्तीला तो परदेशात पाठवता येत नाही.

मराठवाड्यात तर अशा कागदांचं मोल पैशांपलीकडचं आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं तपासली. आजोबांच्या पेटीतला उर्दू किंवा मोडी कागद आधी जाणकाराकडून वाचून घ्या. रद्दीत गेलेला कागद परत येत नाही.