भुकेची स्मृती आणि लोण्याचे डोंगर

शेतकरी आणि पर्यावरण यांचे वैर ही युरोपात जणू निसर्गसिद्ध गोष्ट असावी, असे अलीकडच्या बातम्या वाचताना वाटू लागते. 2024 च्या आरंभी ब्रुसेल्स, पॅरिस आणि बर्लिन येथील रस्ते ट्रॅक्टरांनी अडवले. त्याच वर्षी फेब्रुवारीत युरोपीय आयोगाने कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मागे घेत असल्याचे जाहीर केले. वस्तुतः हे वैर निसर्गसिद्ध नाही. त्याला इतिहास आहे आणि तो अवघ्या पाऊणशे वर्षांचा आहे. हा इतिहास तहनामे, मसुदे आणि दरपत्रके यांच्या भाषेत लिहिला गेल्यामुळे साहित्याचे अभ्यासक त्याच्याकडे सहसा वळत नाहीत. प्रस्तुत टिपणात आम्ही तो एका माणसाच्या अनुषंगाने वाचू इच्छितो. त्या माणसाचे नाव सिको मान्सहोल्ट.

मान्सहोल्ट यांचा जन्म 1908 साली नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगन प्रांतातील एका शेतकरी घरात झाला. तरुणपणी त्यांनी जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरी केली. पुढे मायदेशी परतून समुद्र हटवून मिळवलेल्या व्हीरिंगरमेर या नव्या भूमीवर त्यांनी शेती सुरू केली. एप्रिल 1945 मध्ये जर्मन सैन्याने बांध फोडून ही सारी भूमी पाण्याखाली घातली. त्याआधीच्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये अन्नटंचाईने सुमारे 20 हजार माणसे मेली होती आणि लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, जून 1945 मध्ये, मान्सहोल्ट शेतीमंत्री झाले. धोरण आखणाऱ्याच्या मनात कोणते चित्र होते, हे समजण्यासाठी एवढा तपशील पुरेसा आहे. पुन्हा असा हिवाळा येऊ द्यायचा नाही, ही त्या पिढीची प्रतिज्ञाच होती.

1957 च्या रोम तहातील 39 वे कलम या प्रतिज्ञेचे कायदेशीर रूप होय. त्यात सामाईक शेतीधोरणाची पाच उद्दिष्टे दिली आहेत: उत्पादकता वाढवणे, शेतकऱ्याला रास्त राहणीमान मिळवून देणे, बाजार स्थिर राखणे, पुरवठ्याची शाश्वती देणे आणि ग्राहकाला वाजवी दर मिळणे. माती, पाणी, पक्षी यांचा उल्लेख नाही. त्या काळी तो कोणाला सुचणेही कठीण होते. 1958 पासून युरोपीय आयोगात शेतीचे खाते सांभाळणारे मान्सहोल्टच या धोरणाचे शिल्पकार ठरले. 1961 च्या अखेरीची मुदत टळू नये म्हणून मंत्र्यांनी सभागृहातील घड्याळ थांबवले आणि जानेवारी 1962 च्या मध्यापर्यंत वाटाघाटी ओढून समझोता घडवून आणला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले.

धोरणाची यंत्रणा सरळ होती. बाहेरून येणाऱ्या मालावर असा कर लावायचा की तो स्वस्त पडू नये. आतल्या बाजारात भाव ठरावीक पातळीखाली गेला की सरकारी खरेदी सुरू करायची. उरलेला माल अनुदान देऊन परदेशी पाठवायचा. जितके अधिक पिकवाल तितके अधिक मिळेल, एवढा एकच संदेश शेतकऱ्यापर्यंत पोचला आणि त्याने तो निष्ठेने पाळला. ब्रिटनीमध्ये तुकडेजोड योजनेने शेते मोठी झाली आणि शतकानुशतकांची झाडाझुडपांची कुंपणे भुईसपाट झाली. शीतगृहांत लोण्याचे ‘डोंगर’ उभे राहिले. या डोंगरांतील काही वाटा आपल्याकडेही आला. 1970 मध्ये सुरू झालेल्या ‘दुधाचा महापूर’ योजनेला जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपीय दूध भुकटी आणि बटर ऑइल देणगीदाखल मिळाले. त्याच्या विक्रीतून येथील सहकारी दूधव्यवसायाला भांडवल लाभले आणि मुंबईसारख्या महानगरांचा दूधपुरवठा त्यातूनच बांधला गेला.

भावाच्या आधाराने लहान शेतकरी तरत नाही आणि साठे मात्र वाढतात, हे मान्सहोल्ट यांच्या इतरांआधी ध्यानात आले. डिसेंबर 1968 च्या आपल्या योजनेत त्यांनी सुचवले की, 1980 पर्यंत सुमारे 50 लाख माणसांनी शेती सोडावी, किमान 50 लाख हेक्टर जमीन लागवडीखालून काढावी आणि उरलेली शेते मोठी करावीत. उत्तर रस्त्यावर मिळाले. फेब्रुवारी 1971 मध्ये आंदोलकांनी मंत्र्यांच्या बैठकीच्या सभागृहातच गायी नेल्या. 23 मार्च रोजी ब्रुसेल्समध्ये प्रचंड मोर्चा निघाला. त्यात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला.

या योजनेची भाषा पाहण्यासारखी आहे. शेत हे तिच्या लेखी एक ‘रचना’, शेतकरी हे ‘मनुष्यबळ’ आणि खेडे सोडून जाणे ही एक ‘सुधारणा’. ही भाषा ज्याला पेलत नाही, ते साहित्याने टिपले. फ्रान्सच्या ओत-सावोआ भागातील खेड्यात जाऊन राहिलेल्या जॉन बर्जर यांचे ‘पिग अर्थ’ 1979 साली आले. त्याच्या समारोपात बर्जर शेतकऱ्याकडे केवळ उत्पादक म्हणून पाहत नाहीत. तगून राहण्याची विद्या जपणारा वर्ग म्हणून पाहतात. खेर्ट माक यांनी 1996 मध्ये योरवर्ट या फ्रीजलँडमधील एका खेड्याच्या विरण्याचा वृत्तांत लिहिला. मान्सहोल्ट यांच्या आकड्यांतून जे निसटले त्याची नोंद या पुस्तकांत सापडते, आणि म्हणून ती इतिहासाची साधनेही ठरतात.

तथापि मान्सहोल्ट यांना केवळ आकड्यांचा माणूस म्हणणे अन्यायाचे होईल. ‘वाढीच्या मर्यादा’ हा अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच त्यांच्या वाचनात आला. फेब्रुवारी 1972 मध्ये त्यांनी आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून अखंड आर्थिक वाढीचे ध्येयच तपासून पाहण्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात ते स्वतः अध्यक्ष झाले, पण अवघ्या काही महिन्यांसाठी. त्यांचे मत बदलले. यंत्रणा बदलली नाही.

ती हळूहळू, खर्चाच्या आणि व्यापारी दबावाच्या धक्क्यांनी बदलली. 1984 मध्ये दुधावर कोटा आला. 1992 मध्ये मॅकशॅरी यांनी धान्याचे आधारभाव सुमारे एकतृतीयांशाने उतरवले, जमीन पडीक ठेवण्याची अट घातली आणि पर्यावरणपूरक शेतीच्या योजना प्रत्येक देशाला सक्तीच्या केल्या. 2003 मध्ये फिशलर यांनी अनुदान आणि उत्पादन यांची गाठ बव्हंशी सोडवली. परंतु अनुदान मुख्यतः क्षेत्रफळाशी बांधले गेल्याने सुमारे 80 टक्के रक्कम 20 टक्के लाभार्थ्यांकडे जात राहिली. मे 2019 मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नायट्रोजन उत्सर्जनाची परवाना पद्धत बेकायदा ठरवली. ज्या गोठ्यांच्या विस्ताराला धोरणाने आणि बँकांनी दोन पिढ्या उत्तेजन दिले, त्यांनाच आता आकसायला सांगण्यात आले. त्या संतापातून उभा राहिलेला शेतकऱ्यांचा पक्ष मार्च 2023 च्या प्रांतिक निवडणुकांत पहिला आला.

2005 ते 2020 या काळात आजच्या 27 सदस्यदेशांतील सुमारे 53 लाख शेते बंद पडली. मान्सहोल्ट यांनी सुचवलेला आकडा, वेगळ्या आणि विस्तृत प्रदेशात का होईना, कोणतीही घोषणा न होता गाठला गेला. त्याच वेळी शेतांवरील पक्ष्यांची संख्या 1990 च्या तुलनेत एकतृतीयांशाहून अधिक घटली. अर्थात खेडे आणि पाखरू यांचा ऱ्हास एकाच कारणाने, एकाच वेळी झाला आहे. आज दोघांना समोरासमोर उभे केले जाते, कारण भुकेच्या स्मृतीतून जन्मलेल्या धोरणाने शेतकऱ्याला अधिक पिकवायला सांगितले आणि त्या आज्ञेचा हिशेब मात्र त्याच्या एकट्याच्या नावे मांडला. हा हिशेब सामाईक आहे. स्वस्त अन्न खाणाऱ्या शहरांचे नावही त्या वहीत लिहावे लागेल.