तोफेत दारू किती भरायची?

छत्रपती संभाजीनगरहून साधारण १५ किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. शाळेची सहल तेथे गेली की मुलांचा घोळका मेंढा तोफेभोवती हमखास जमतो. मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेल्या या तोफेवर औरंगजेबाच्या नावाचा लेख आहे. 'किल्ला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी, हे तिचे मूळ नाव. तोफ किती लांब, किती जड, असे मुले विचारतात. त्यांच्यापुढे आपण आणखी एक प्रश्न ठेवू या. हिच्यात दारू किती भरायची, हे गोलंदाज कसे ठरवत असेल?

प्रश्न जिवावरचा होता. दारू कमी पडली तर गोळा अलीकडेच पडे. जास्त झाली तर तोफच फुटे. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० साली स्वतःच्याच सैन्याची तोफ फुटून मेला. गोलंदाजांची भिस्त ठोकताळ्यावर असे : गोळ्याच्या वजनाच्या अमुक हिश्श्याइतकी दारू. ठोकताळा चुकला, हे कळायचे ते अपघात झाल्यावर!

हा प्रश्न मापनाच्या कक्षेत आणला इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने. १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने एक साधी युक्ती सांगितली. लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगायचा, त्यात गोळी झाडायची आणि ठोकळा किती झुलतो ते मोजायचे. समजा, गोळी १० ग्रॅमची आहे आणि ती रुतल्यावर एकूण ४ किलोचा ठोकळा सेकंदाला १ मीटर वेगाने सरकला. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर निघतो. ठोकळा जेमतेम ५ सेंटिमीटर वर चढतो. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी भारतात आला आणि १७५१ साली येथेच वारला.

वेग कळला, तरी नळीच्या आत दाब किती होतो हे कळत नव्हते. १८६०च्या दशकात अँड्र्यू नोबल याने तांब्याचा छोटा दंडगोल वापरला. तो किती चेपला, यावरून दाब काढता येऊ लागला. आता 'इतकी दारू, इतका वेग, इतका दाब' असे तक्ते करणे शक्य झाले.

मग तक्ता पाहिला की काम झाले का? नाही. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू तयार केली. तेवढ्याच वजनात ती काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक जोर देते. काळ्या दारूचे जुने माप भरून ही नवी दारू जुन्या बंदुकीत घातली, तर नळी फुटण्याचीच भीती. तक्त्यातला आकडा त्याच दारूचा, त्याच वजनाच्या गोळीचा, त्याच जातीच्या काडतुसाचा आणि नळीचा असतो. यातले एक जरी बदलले, तरी तो आकडा लागू पडत नाही. काही देशांत शिकारी व नेमबाज घरी काडतुसे भरतात, त्यांनाही हीच खबरदारी घ्यावी लागते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे बनवता येत नाहीत. पुण्याजवळ खडकीला मात्र १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे.

वर्गातही आपण पुष्कळ आकडे शिकवतो. पाणी १०० अंशांना उकळते, हे मुलांना पाठ असते. पण महाबळेश्वरला ते त्याआधीच उकळते. म्हणून आकडा सांगताना तो कोणत्या अटींवर खरा आहे, हेही सांगण्याची सवय आपण लावून घ्यायला हवी.