अचानक तुटली?

तर मंडळी, झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या रूम पार्टनरच्या डोक्याला चार टाके पडले. जिममध्ये लॅट पुलडाऊन मारत होता. पंचावन्न किलो लावलेले, आठवा रेप चालू, आणि फाटकन केबल तुटली. दांडा थेट डोक्यात. ट्रेनर धावत आला, म्हणाला, "सर, अचानक तुटली हो!"

(प्रॉडक्शन सर्व्हर पडला की क्लायंटला आम्हीही हेच सांगतो, त्यामुळे मला लगेच शंका आली.)

टाके घालून आल्यावर स्वारी झोपली आणि मी वाचत बसलो. शोधता शोधता पोचलो जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्टाल गावी. तिथे चांदी-शिशाच्या खाणी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या इतक्या खोल गेल्या होत्या की माल वर ओढायचा कशाने हीच पंचाईत. वाखाचे दोर ओलीत कुजायचे. म्हणून लोखंडी साखळ्या आल्या, आणि त्या मात्र खरोखरच अचानक तुटायच्या. साखळीत शेकडो कड्या असल्या तरी त्यातली एक गेली की सगळंच गेलं. आधी ना आवाज, ना खूण.

विल्हेल्म आल्बर्ट हा तिथला खाण-अधिकारी. १८२९ च्या सुमारास त्याने साखळ्यांवर तोच भार पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. एकदा सहज पेलणारा भार हजारो वेळा दिला की साखळी दगा देते, हे त्याने नोंदवलं. आपण इंजिनिअरिंगला 'फटीग' म्हणून जे पाठ केलं (आणि पेपर संपताच विसरलो) त्याच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक पुस्तकांत इथूनच होते. मग १८३४ साली त्याने साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार लोखंडी तारांना पीळ देऊन एक पेड केला, असे तीन पेड एकत्र वळले, आणि बारा तारांचा तो दोर कॅरोलिन नावाच्या खाणीत लावला. यंत्र वगैरे काही नाही, सगळं हाताने वळलेलं.

यातली खरी गंमत अशी की एक तार तुटली तरी शेजारच्या तारा भार घेतात. पिळामुळे तुटलेली तारसुद्धा थोड्या अंतरावर पुन्हा आवळली जाते आणि आपला वाटा उचलायला लागते. शिवाय तुटलेलं टोक बाहेर डोकावतं, हाताला टोचतं. म्हणजे रेडंडन्सी आणि एरर लॉग, दोन्ही एकाच वस्तूत! १८३४ मध्ये!!

फक्त तो लॉग कुणीतरी वाचावा लागतो.

जिमची केबल ही त्याच दोराची नात. तिची एक नेहमीची रचना म्हणजे सात पेड, प्रत्येकात एकोणीस तारा, एकूण १३३. वरून प्लास्टिकचं आवरण. पुलीवरून जाताना प्रत्येक तार वाकते आणि परत सरळ होते. रोज शंभर जणांनी तीस-तीस रेप मारले असं धरलं, तर वर्षाला दहा लाखांच्या घरात जातं. पुली जितकी लहान तितका त्रास जास्त. म्हणून तारा आधी तुटतात त्या पुलीवरून फिरणाऱ्या भागात, नाहीतर टोकाच्या जोडाजवळ. आणि नेमक्या तिथेच त्या प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात. बाहेरून दिसतं ते एवढंच: आवरणाला चीर, एखादा फुगवटा, चपटा झालेला तुकडा, जोडाशी गंज. किंवा ओढताना लागणारा हिसका. यातलं काहीही दिसलं की केबल बदलायची, बस्स. चिकटपट्टी लावायची नाही.

चिकटपट्टीचं मुद्दाम सांगतोय, कारण त्या केबलला होती. पुलीच्या जरा खाली, काळी, इलेक्ट्रिशियन लावतात ती. मी ती दोन महिने रोज बघत होतो. त्याच मशीनवर मीही ओढत होतो. बीई मेकॅनिकल, फर्स्ट क्लास! हे रूम पार्टनरला अजून सांगितलेलं नाही, इथे वाचेल तेव्हा वाचेल.

लहानपणी मी व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब करायचो. (पूर्वी तो वेताचा असायचा. चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली.) आमचे सर रोज पोरांच्या आधी येऊन दोरी वरपासून खालपर्यंत मुठीतून ओढत न्यायचे. आकड्यापाशी, जिथे ती वळते, तिथे शिडी लावून बघायचे. मग स्वतः लोंबकळायचे. सर चांगले ऐंशी किलोचे. आम्ही मागे उभं राहून हसायचो.

परवा जिममध्ये नवी केबल आली. ट्रेनरला म्हटलं, बसवल्याची तारीख लिहून ठेव. तो म्हणाला कुठे लिहू? शेवटी मशीनच्या खांबावर पांढरी पट्टी चिकटवून मीच मार्करने लिहिली. आता सेट सुरू करण्याआधी मोबाईलचा टॉर्च मारून वरची पुली बघतो. मागे रांगेत उभी असलेली पोरं हसतात.