बेंजोवाल्याचे नाव

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेणच्या आमच्या आळीतील गणेशोत्सव मंडळाने स्मरणिका काढायचे ठरवले आणि उत्सवाचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. निवृत्त शिक्षकाला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. मूर्तिकार, कीर्तनकार, अध्यक्ष, एवढेच काय, मांडववाल्याचेही नाव मी लिहिले. चार दिवसांनी एक सत्तरीचे गृहस्थ अंक हातात घेऊन ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, सगळे आहेत यात. फक्त विसर्जन मुक्यानेच झालेलं दिसतं!"

हे आमच्याकडचे जुने बेंजोवादक. पेणपासून रोह्यापर्यंत तीस वर्षे त्यांनी मिरवणुका वाजवल्या. मी खजील झालो, आणि ज्या वाद्यासाठी आजवर खिडक्या लावून घेतल्या, त्याची वंशावळ शोधू लागलो.

'बेंजो' हे नाव खरे तर अमेरिकेतील एका निराळ्याच वाद्याचे. आमच्या बेंजोचे मूळ जपानात. नागोया शहरी गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसवून 'ताइशोगोतो' हे वाद्य सिद्ध केले. तेच हिंदुस्थानात बुलबुलतरंग झाले. डाव्या हाताने कळा दाबायच्या, उजव्याने तारा छेडायच्या. आवाज मात्र नाजूक; घरातल्या भजनापुरता. रस्त्यावर खालूबाजापुढे त्याचा काय टिकाव लागणार? तेव्हा कोणा हिकमती माणसांनी पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. तार थरथरली की त्या वेटोळ्यात बारीकसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो अँप्लिफायरने वाढवायचा आणि हातगाडीवरच्या कर्ण्यातून सोडायचा. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात शिकवली गेली नाही. १९८१ साली आमच्या कुलाबा जिल्ह्याचे रायगड झाले, तेव्हा आमच्या आळीवर बेंजोचा अंमल पुरता बसला होता. पुढे जपानच्याच रोलंड कंपनीने १९८५ साली काढलेले ऑक्टोपॅडही कालांतराने त्याच गाडीवर येऊन बसले.

अशा संगीताला मान्यता कधी मिळते? मुंबईचे चरणजितसिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी तीन जपानी विद्युत्यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. ती कोणी फारशी घेतली नाही. अमेरिकेतील शिकागो शहरी त्याच जातीचे संगीत १९८७ च्या सुमारास पुढे आले आणि जगभर गाजले. २०१० साली एका डच संग्राहकाने चरणजितसिंगांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा कुठे परदेशी रसिकांना कळले की मुंबईचा हा माणूस पाच वर्षे आधीच तेथे जाऊन पोहोचला होता! २०१५ साली ते वारले. मान मिळाला, पण उतारवयात. तरी त्यांचे एक भाग्य थोर: तबकडीवर नाव छापलेले होते, म्हणून शोधणाऱ्याला ते सापडले.

बेंजोवाल्यांची ना तबकडी, ना नाव. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यात वाद्य पडद्यावर आले, पण टाळ्या नटाला मिळाल्या.

कोणी वाचक म्हणतील, गुरुजी, हा गोंगाट! तक्रार खोटी नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले, आणि रात्री दहानंतर आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला झोप मिळालीच पाहिजे. परंतु आवाज किती असावा हा प्रश्न वेगळा आणि वाजवणारा कोण होता हा वेगळा. पहिल्याचा निकाल कायदा देईल. दुसऱ्याची नोंद इतिहास लिहिणाऱ्यानेच ठेवायची असते. तेथे मी चुकलो होतो.

"तुमचा सत्कार करू या," असे मी त्यांना म्हणालो. ते म्हणाले, "शाल नको, गुरुजी. आमच्या पार्टीतल्या सहा जणांची नावं तेवढी छापा. दोघं तर गेले."

पाच नावे त्यांनी भराभर सांगितली. सहावा ढोलवाला, रोह्याचा. त्याला सगळे टोपणनावानेच हाक मारीत. तीस वर्षे शेजारी उभे राहून वाजवले, पण खरे नाव यांनाही आठवेना.

दसरा झाला आणि मी रोह्याला गेलो. गावात धावीर महाराजांच्या पालखीची गडबड होती. या देवाला पोलीस शस्त्रांसह मानवंदना देतात, ती पाहायला गाव लोटला होता. मी विचारत विचारत कुंडलिकेच्या बाजूच्या एका घरी पोहोचलो. ढोलवाल्याच्या पत्नीने पाणी दिले आणि विचारले, "नाव कशाला हवं आता?"

"छापायचं आहे, वहिनी."

त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी शिधापत्रिका आणली आणि नावावर बोट ठेवले. मी ते वहीत उतरवून घेतले, आणि एकही अक्षर चुकू नये म्हणून त्यांना दोनदा वाचून दाखवले.